गावठी कोंबडीच्या पिसाची माशी : ट्राउटसाठी वेट फ्लाय कशी बांधावी

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गावठी कोंबड्या घेऊन बसणाऱ्या एका मावशीकडे मी पहिल्यांदा नुसती पिसं मागितली, तेव्हा तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, “कोंबो न्हय, पाखां जाय तुका?” शेजारच्या दोघी हसल्या. मीही हसलो आणि तपकिरी, ठिपक्याठिपक्यांची मूठभर पिसं कागदात बांधून घरी आणली. आजवर माझ्या हातून ज्या बऱ्या माश्या झाल्या, त्यातल्या बहुतेक त्या आणि तसल्याच पुड्यांमधल्या पिसांच्या आहेत.

माशी म्हणजे इथे फ्लाय. गळावर रेशीम आणि पीस गुंडाळून केलेला खोटा किडा. ट्राउट मासा त्याला भुलतो. आता गोव्यात ट्राउट कुठला, असं विचाराल तर नाहीच. त्याला साधारण २० अंशांच्या आतलं, खळाळतं पाणी लागतं. आमच्या साखळी गावच्या वाळवंटी नावाच्या नदीत मे महिन्यात पाय घातला तर अंघोळीला काढल्यासारखं कोमट लागतं. भारतात तो साहेबाच्या हौसेने आला. स्कॉटलंडहून ब्राउन ट्राउटची अंडी १९०० साली काश्मीरला पोचली आणि पुढे १९०९च्या सुमारास काश्मीरहून कुलूच्या पाण्यात. मी वर्षातून एकदा मडगावहून चंदीगडची गाडी धरतो, तिथून बसने औट, पुढे बंजार आणि हिमाचलातली तीर्थन नदी. बाकीचं वर्ष, त्यातही आषाढ-श्रावणात वीज येऊन-जाऊन असते तेव्हा, साखळीच्या घरी खिडकीजवळ माश्या बांधत बसतो. हे टिपण त्या खिडकीतलं आहे.

मऊ पीस, थोडं पीस

ड्राय फ्लाय पाण्यावर तरंगते. तिला ताठ, चकचकीत, पाणी न पिणारं पीस हवं, म्हणजे नर कोंबड्याच्या मानेचं. वेट फ्लाय पाण्याखाली जाते. तळाशी वाढलेले मेफ्लाय, कॅडिस असले किडे पंख फुटायच्या वेळी वर येतात, धडपडतात, काही बुडून मरतात. वेट फ्लाय म्हणजे हा धडपडणारा किंवा बुडालेला किडा. म्हणून तिचं पीस प्रवाहात मिटायला आणि उघडायला हवं, पाय हलवल्यासारखं. ताठ पीस मिटत नाही. मिटलं नाही तर ट्राउटच्या लेखी तो पाण्यातला कचरा.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. पहिल्या खेपेला मी एका विक्रेत्याकडून टपालाने महागडी कोंबड्याची मान मागवली होती. ‘फ्लाय बांधायला उत्तम’ एवढंच त्यावर लिहिलेलं. कुठल्या फ्लायसाठी ते नव्हतं. त्यातून केलेल्या माश्या दात घासायच्या ब्रशसारख्या दिसत होत्या आणि मला त्या फार देखण्या वाटत होत्या. तीर्थनवर दोन दिवस एक मासा लागला नाही. तिसऱ्या दिवशी वाट दाखवायला आलेल्या गावच्या माणसाने एक माशी तळहातावर घेतली, म्हणाला, “साहब, इसमें बाल बहुत हैं,” आणि खिशातल्या नेलकटरने निम्मं पीस छाटून टाकलं. अर्ध्या तासात हातभर नव्हे पण वीतभर ट्राउट लागला. तेव्हापासून बांधताना हात सैल सुटला की तो नेलकटर डोळ्यांपुढे येतो.

कोंबड्याचं पीस आणि मासे हे नातं जुनं आहे. ईलियन नावाच्या रोमन लेखकाने सुमारे १,८०० वर्षांपूर्वी मॅसिडोनियातल्या मासेमारांचं वर्णन केलंय : गळाला लाल लोकर गुंडाळायची आणि कोंबड्याच्या गळ्याखालची दोन पिसं बांधायची. इंग्लंडात १४९६ साली छापलेल्या मासेमारीच्या एका प्रबंधात बारा माश्यांच्या कृती आहेत. पुढे इंग्लंडच्या उत्तरेला, यॉर्कशायरच्या बाजूला, ‘स्पायडर’ म्हणतात तो प्रकार रुजला : रेशमाचं सडपातळ अंग, पुढे मऊ पिसाचे दीड-दोन वेढे, संपलं. मी बांधतो त्यातल्या निम्म्या त्याच घराण्यातल्या.

मक्षिकास्थाने मक्षिका नको

विलायती कृती वाचायला बसलात की सामानाची यादी घाबरवते : पार्ट्रिजचं पीस, स्नाइपचं पीस, सशाचा कान, स्टारलिंगचा पंख. नकलाकाराने मूळ कागदाला चिकटलेली माशीसुद्धा उतरवून काढली, तसं करू नका. यातले बरेच पक्षी-प्राणी आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत. तित्तर, पाणलावा, रानससा यांच्या मागे लागणं हा गुन्हा आहे आणि त्याची गरजही नाही.

इथे एक आडवाट घेतो. डंकेल्ड नावाच्या नामांकित वेट फ्लायच्या दोन्ही गालांवर पिवळसर, लाखेच्या टिकलीसारखं चमकणारं पीस असतं. ते आपल्याच पश्चिम घाटातल्या करड्या रानकोंबड्याच्या मानेचं. राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या साहेबांना सॅल्मन माशाच्या माश्यांसाठी त्याचं वेड होतं आणि हिंदुस्थानातून या माना विलायतेला जात. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात किंवा मोलेच्या बाजूला पहाटे त्याची तुटक बांग अजून ऐकू येते. ती ऐकावी आणि पीस त्याच्या मानेवर राहू द्यावं. डंकेल्ड बांधायचीच असेल तर गालाशिवाय बांधा. मासा गाल मोजत नाही.

बदली सामान असं. पार्ट्रिजच्या जागी गावठी तपकिरी कोंबडीच्या पाठीचं, बारीक ठिपके किंवा रेघा असलेलं पीस. काळ्या पिसासाठी काळ्या कोंबडीची मान. पंखांसाठी पाळीव बदकाचं करडं उडतं पीस, डाव्या पंखाचं एक आणि उजव्याचं एक. सशाच्या लोकरीच्या जागी पाळीव सशाची, नाहीतर तुमच्या कुत्र्याला विंचरताना फणीत राहते ती आतली मऊ लव. मोराच्या पिसाऱ्याचं आपोआप गळलेलं पीस बाळगायला देशात मनाई नाही. घरात कृष्णाच्या मूर्तीमागे खोवलेलं एखादं असतंच. ते मागा, पण आधी आईला विचारा.

सोनेरी तारेसाठी आजीच्या जुन्या नऊवारीचा फाटका काठ. जरीचा एक धागा ओढून नखाने उकललात तर आत रेशमाचा गाभा आणि वर चपटी तार गुंडाळलेली दिसेल. हल्लीच्या प्लॅस्टिक जरीची तार चमकते खूप, पण दोन माशांत तुटते. तांब्याच्या तारेला जुन्या मोटरच्या वाइंडिंगमधली केसासारखी बारीक तार चालते.

पिसं बाजारातून आणली की धुवावीच लागतात. कोमट पाण्यात रिठा नाहीतर थोडा शांपू, हलक्या हाताने, दोन पाण्यांनी. वाळवायची सावलीत. पंख्याखाली ठेवू नका. मी एकदा ठेवली आणि आठवडाभर घरभर पिसं सापडत होती, डाळीच्या डब्यातसुद्धा. दोन पिठाच्या चाळण्या तोंडाला तोंड लावून मध्ये पिसं ठेवायची आणि चाळण्या वळचणीला वाऱ्यावर टांगायच्या.

हत्यारं

वाइस लागतोच, गळ घट्ट धरायला. फ्लायसाठीचे छोटे वाइस टपालाने मिळतात. सगळ्यात स्वस्त घेऊ नका, त्याचा जबडा गळ सोडतो. बॉबिन होल्डर घ्या, दोरा त्यात ताणलेला राहतो. कात्री भरतकामाची, टोकदार. तिने तार कापायची नाही, तारेला नेलकटर. पीस धरायला इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारी छोटी क्रोकोडाइल क्लिप, दातांवर सायकलच्या व्हाल्व ट्यूबचा तुकडा चढवून. बाटलीच्या बुचात खोचलेली सुई. रिकाम्या बॉलपेनची निमुळती नळी, कशाला ते पुढे सांगतो. मधमाशीचं मेण. पारदर्शक नेलपॉलिश.

गळ वेट फ्लायचा, म्हणजे तार जाडसर आणि डोळा खाली वळलेला. मुस्तादचा ३९०६ हा जुना नमुना अजून चालतो. आकडा वाढला की गळ लहान होतो, हे उलटं गणित लक्षात ठेवा. शिकायला १२ नंबर घ्या, हात बसला की १४.

नावं ठरवून घेऊ. दोरी बांधायचं भोक तो डोळा. सरळ भाग तो दांडा. मागे वळतो तो बाक. मग टोक आणि टोकाआतला उलटा काटा. हा काटा बांधायच्या आधीच पकडीने दाबून सपाट करा. मासा सोडायचा असेल तर त्याच्या ओठाला बरं, आणि तुमच्या बोटात गळ रुतला तर तुमच्याही. आधीच का? कारण दाबताना कधी कधी गळ मोडतो, आणि मोडायचा असेल तर रिकामा मोडलेला बरा.

पहिली माशी : पार्ट्रिज अँड ऑरेंज

नाव विलायती ठेवतो, पीस आपलं. नारिंगी रेशीम आणि तपकिरी ठिपक्यांचं पीस, एवढंच हिचं सामान. सोपी दिसते म्हणून सोपी नाही. लपवायला जागाच नसते.

१. गळ बाकापाशी वाइसमध्ये धरा, दांडा आडवा. नखाने दांड्याला टिचकी मारा. टण् असा आवाज आला पाहिजे. थुडथुड हलला तर जबडा पुन्हा आवळा.

२. नारिंगी रेशीम घ्या. फ्लायचा खास दोरा नसेल तर भरतकामाच्या सहापदरी दोऱ्याचा एकच पदर सोडवून घ्या. हातभर लांबी मेणावरून दोनदा ओढा. मेणाने दोरा गळाला धरून राहतो, निसटत नाही. काम सुरू करण्यापूर्वी रिकाम्या गळावर दोरा मुद्दाम ताणून पाच वेळा तोडा. वेडेपणा वाटेल, पण दोरा कुठे तुटतो हे बोटांना एकदा कळलं की त्याच्या जरा अलीकडचा ताण सापडतो, आणि सगळं बांधणं त्या ताणावर चालतं.

३. डोळ्यामागे दोन डोळ्यांएवढी जागा मोकळी सोडून सुरुवात करा. दोऱ्याचं शेपूट डाव्या हातात, दोरा तुमच्यापासून दूर, दांड्यावरून पलीकडे आणि खालून आपल्याकडे. पाच-सहा वेढे मागच्या दिशेने, शेपटावरूनच. शेपूट एवढ्यात कापू नका, अंगाच्या वेढ्यांखाली पूर्ण लांबीभर दाबलं गेलं की मग कापा. दोन डोळ्यांची ती जागा म्हणजे भाड्याने घेतलेली खोली समजा. पीस आणि डोकं तिथेच राहणार आहेत. तिच्यात आधीच सामान भरलं तर पुढे दोरीसाठी डोळासुद्धा मोकळा राहत नाही.

४. आता वेढ्याला वेढा लावून मागे जा, पानाच्या विड्यावरच्या दोऱ्यासारखं नव्हे, भोवऱ्याच्या जाळीसारखं शिस्तीत. कुठे थांबायचं? गळाच्या टोकाच्या बरोब्बर वर. बाकापर्यंत जाऊ नका. उत्तरेकडच्या या माश्यांचं अंग आखूड असतं आणि तेच त्यांचं रूप आहे. जरीची तार लावायची असेल तर इथे तिचं टोक दोन वेढ्यांत दाबून मागे सोडा.

५. वेढ्याला वेढा लावत परत पुढे या, त्या दोन डोळ्यांच्या सीमेपर्यंत. दोरा मध्येच पिळ खाऊन गोल झाला असेल तर बॉबिन सोडून लोंबकळू द्या. ते उलटं फिरून पीळ सोडतं आणि दोरा चपटा पडतो. चपट्या दोऱ्याचं अंग गुळगुळीत होतं. तार असेल तर ती चार मोकळ्या वेढ्यांनी पुढे आणा, दोऱ्याखाली दाबा, नेलकटरने तोडा.

६. आता पीस. निवडताना एका बाजूचे तंतू बोटांनी काटकोनात ताणून गळाशेजारी धरा : डोळ्यामागून बाकापर्यंत पोचतील एवढेच लांब हवेत. बुडाशी असते ती कापसासारखी लव ओढून काढा. मग पिसाचं टोक एका चिमटीत धरा आणि दुसऱ्या हाताच्या ओल्या बोटांनी बाकीचे तंतू उलटे, बुडाकडे सारा. टोकाला छोटासा त्रिकोण वेगळा उभा राहील. गावठी कोंबडीचं पीस पार्ट्रिजपेक्षा दाट असतं, म्हणून मी शिरेच्या एका बाजूचे सगळे तंतू ओढून टाकतो. निम्मं पीस पुरतं.

७. तो त्रिकोण सीमेवर ठेवून तीन घट्ट वेढे. पिसाचा उरलेला भाग मागे बाकाकडे पडलेला असेल. त्रिकोणाचं जास्तीचं टोक छाटा. दोरा डोळ्याच्या दिशेला एक वेढा पुढे न्या.

८. पिसाचं बूड क्लिपने धरून उभं करा. चकचकीत, फुगीर बाजू डोळ्याकडे आणि खोलगट बाजू मागे, म्हणजे तंतू अंगाकडे झुकतील. एक वेढा. ओल्या बोटांनी तंतू मागे सारा. पहिल्याच्या पुढे अर्धा वेढा. एका बाजूचे तंतू काढले असतील तर पूर्ण दोन. तिसरा मारायचा मोह होईल. मारू नका.

९. पिसाची शीर दोऱ्याच्या तीन वेढ्यांनी दाबून टाका, क्लिप सोडा, शीर मुळाशी कापा. तंतू डाव्या हाताने मागे धरून समोर चार-पाच वेढ्यांचं इवलंसं डोकं करा.

१०. गाठ. व्हिप फिनिश यायला लागली की उत्तमच, तोवर बॉलपेनची नळी. दोरा नळीच्या तोंडाभोवती एक फास करून गुंडाळा, नळीचं तोंड गळाच्या डोळ्यावर टेकवा, दोरा ओढा : फास नळीवरून घसरत डोक्यावर बसतो. असे तीन फास. दोरा कापा. सुईच्या टोकावर नेलपॉलिशचा एक थेंब घेऊन डोक्याला. डोळ्यात गेला तर पिसाच्या शिरेचा तुकडा भोकातून आरपार ओढून साफ करा, आत्ताच; तीर्थनच्या काठावर थंडीने बोटं आखडली असताना ते भोक सुईने कोरणं म्हणजे जिवावरचं काम.

सुकली की लगेच डबीत टाकू नका. काचेच्या पेल्यात पाणी घ्या, माशी चिमट्याने बुडवा आणि हळू ओढा. भडक नारिंगी दोरा ओला होताच काळपट, तांबूस दिसायला लागतो आणि पीस अंगावर मिटून पुन्हा उघडतं. कोरडी असताना जी माशी अर्धवट सोडल्यासारखी वाटली होती, ती पेल्यात किडा होते. मी अजूनही प्रत्येक नव्या पुडीतलं पहिलं पीस असं पेल्यात बघतो.

माशी कुठे शिंकते

सगळ्यात जास्त चुका डोळ्यामागे होतात, त्या भाड्याच्या खोलीत. डोकं जाडजूड झालं तर समजा तिसऱ्या पायरीत जागा सोडली नाही. डोकं उकलत असेल तर दोऱ्याला मेण नव्हतं. माझ्या पहिल्या वर्षीच्या दोन माश्यांची पिसं पहिल्याच माशाच्या तोंडात राहिली ती याच कारणाने. तंतू पुढे डोळ्यावर लोंबत असतील तर पिसाची बाजू उलटी लागली. अंग मध्ये फुगलं असेल तर शेपूट किंवा तार मध्येच कापली आणि तिथे खड्डा-उंचवटा झाला. शेपूट अंगाच्या पूर्ण लांबीभर दाबून मग कापत जा.

बिघडलेली माशी फेकायची नाही. ब्लेडने रेशीम चिरा आणि गळ वाचवा. पहिल्या दिवशी मी एकाच गळावर सात वेळा बांधली होती.

दुसरी : मोरपिसाचं अंग

पार्ट्रिज अँड ऑरेंज सहा-सात झाल्या की ब्लॅक अँड पीकॉक स्पायडर घ्या. कृती तीच, फक्त अंग मोरपिसाच्या तंतूंचं आणि पीस काळ्या कोंबडीचं. दोरा काळा, गळ १२ किंवा १०.

मोरपिसाच्या डोळ्याच्या खालचे तीन लांब तंतू घ्या. ते टोकाशी ठिसूळ असतात, म्हणून टोकाकडचा अर्धा इंच आधीच छाटा. तिन्ही एकत्र मागे बांधा, दोऱ्याभोवती सुतळी वळतात तसे पिळा, आणि हा पीळ पुढे गुंडाळत न्या. नुसते तंतू गुंडाळले तर ट्राउटचे दात पहिल्याच झटक्यात ते कापतात. दोऱ्याचा गाभा असला की टिकतात. मला आणखी खात्री हवी असते म्हणून मी तांब्याची बारीक तार पिळाच्या उलट्या दिशेने चार वेढे घेतो. उलट्या दिशेने घेतल्याने ती तंतूंमध्ये बुडून हरवत नाही, त्यांना ओलांडून दाबते.

अंग इथे थोडं गुबगुबीत चालतं. पुढचं काळं पीस मात्र पुन्हा दोनच वेढे.

तिसरी : पंखवाली

ग्रीनवेल्स ग्लोरी ही पंखवाली माशी १८५४ साली ट्वीड नदीकाठी जन्मली. डरहॅमचे पाद्री विल्यम ग्रीनवेल यांनी किडा दाखवला आणि जेम्स राइट या कारागिराने माशी बांधली. पाद्रीसाहेबांचं नाव राहिलं, कारागिराचं जाणकारांपुरतं.

अंगासाठी पिवळं रेशीम, पण पिवळं दिसायला नको. चपला शिवणाऱ्याकडे दोऱ्याला लावायचं काळं मेण असतं, त्यावरून रेशीम ओढलं की ते शेवाळी हिरवट होतं. त्यावर सोनेरी तारेचे चार-पाच वेढे. आजीचा काठ इथे कामी येतो. पुढे तांबूस कोंबडीचं, मध्ये काळी रेघ असलेलं पीस दोन वेढे, आणि ते सगळं चिमटीने खाली ओढून दोऱ्याने दाबायचं, म्हणजे दाढीसारखं पोटाखाली राहतं.

इथवर नवीन काही नाही. अडतं ते पंखांवर, म्हणून जरा थांबून सांगतो.

बदकाच्या डाव्या आणि उजव्या पंखाचं एकेक पीस घ्या, दोन्हींवरून समोरासमोरची, सारख्याच रुंदीची एकेक पट्टी सुईने वेगळी करून मुळाशी कापा. रुंदी गळाच्या तोंडाच्या, म्हणजे टोक आणि दांडा यांच्यातल्या अंतराच्या, निम्म्याहून थोडी जास्त. दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवा, खोलगट बाजू आत, टोकं जुळलेली, नमस्काराला हात जोडल्यासारखी. डाव्या हाताच्या अंगठा-तर्जनीत ही जोडी धरून दांड्याच्या बरोब्बर माथ्यावर टेकवा, टोकं बाकाच्या जरा मागे.

आता दोरा सरळ ओढून वेढा घेतलात तर पट्ट्या दोऱ्याबरोबर पलीकडे कलंडतील आणि पंख फाटून केरसुणी होईल. म्हणून दोरा आधी अंगठा आणि पट्टी यांच्या मधून वर आणायचा, पट्ट्यांवरून सैल फास करायचा, पलीकडे तर्जनी आणि पट्टी यांच्या मधून खाली न्यायचा. तोवर चिमूट ढिली करायची नाही. फास वर सैल असतानाच चिमूट घट्ट दाबा आणि दोरा सरळ खाली ओढा. पट्ट्यांचे तंतू एकावर एक घडी पडल्यासारखे जागच्या जागी दाबले जातात. असे तीन फास, चिमूट न सोडता. मग सोडा आणि बघा.

पहिले दहा पंख वाकडे बसतील. अकरावा बसला की उठून चहा घ्या आणि मगच बारावा. लागोपाठ बसवत गेलो की माझी बोटं घामेजतात आणि पुन्हा केरसुणी सुरू होते. आपल्या हवेत तर जूनपासून बोटं घामेजलेलीच. टेबलावर एक बशी तांदळाच्या पिठाची ठेवतो, बोटं त्यात टेकवून पुसायची.

बुरशी, किडे आणि गंज

विलायती पुस्तकं लिहिणाऱ्यांना कोकणचा पाऊस माहीत नाही. दुसऱ्या वर्षी चवथीच्या सुट्टीत मी डबा उघडला तर मृगात भरून ठेवलेल्या पिसांच्या शिरा तेवढ्या उरल्या होत्या, तंतू किड्यांनी साफ केलेले, आणि चाळीसेक गळांना तांबूस डाग. त्यानंतर नियम केला. धुतलेली, कोरडी पिसं झिप पिशवीत घालून फ्रीजरमध्ये आठवडाभर, मग बाहेर दोन दिवस, मग पुन्हा आठवडाभर. पहिल्या फेरीत अळ्या मरतात, तग धरलेली अंडी बाहेर उबतात आणि दुसऱ्या फेरीत सापडतात. मग हवाबंद डबा आणि डांबराच्या दोन गोळ्या. गळांच्या डबीत बुटांच्या खोक्यातून निघतात त्या सिलिका जेलच्या पुड्या. गळांच्या डबीत डांबरगोळी नको, वास लागतो.

नदीवर

हिमाचलात ट्राउटची मासेमारी नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंद असते, तो त्यांचा अंडी घालायचा काळ. मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत मत्स्यखात्याचा परवाना काढून गळ टाकता येतो. मी एप्रिलात जातो, बर्फ वितळून पाणी गढूळ व्हायच्या आधी.

दोरीच्या टोकाला मोरपिसवाली जड माशी, तिच्या हातभर वर आखूड फाट्यावर पार्ट्रिज अँड ऑरेंज. दोन पुरे, तीन लावणारे लावतात, माझा गुंता होतो. प्रवाहाच्या दिशेने तिरपी, साधारण ४५ अंशांत पलीकडे फेका आणि काही करू नका. प्रवाह दोरीला ओढत कमानीने आपल्या काठाकडे आणतो, माश्या त्या कमानीच्या टोकाला पाणी कापत येतात. कमान संपून दोरी सरळ होते, त्या क्षणी माशी खालून वर उचलली जाते, वर निघालेल्या किड्यासारखी. बहुतेक झटके तिथेच बसतात, नेमकं आपण पुढच्या फेकीची तयारी करताना. म्हणून दोरी सरळ झाल्यावर मनात पाचपर्यंत मोजा. झटका बसला की काठी उचलायची, हिसडायची नाही. वाहत्या पाण्यात मासा स्वतःच गळ लावून घेतो.

संध्याकाळी डबी बंद करण्याआधी माश्या खोलीत उघड्या सुकू द्या, नाहीतर परतीच्या गाडीतच गंज धरतो. परत आल्यावर पहिल्या शुक्रवारी मी म्हापशाला जातो. मावशी आता माझ्यासाठी पिसं वेगळी पिशवीत ठेवते, तपकिरी एका बाजूला, काळी एका बाजूला.

“मासो मेळ्ळो?”

“मेळ्ळो. पूण सोडलो.”

“सोडलो? मागीर पाखां कित्याक जाय तुका?” ती म्हणते आणि पिशवी पुढे सरकवते.